वाटेत थांबावे

मुक्कामी लवकर पोहोचणे म्हणजेच प्रवास, असे पुष्कळांना वाटते. मला ते पटत नाही. मुंबई-पुणे जुन्या रस्त्यावर, बोरघाटात, शिंग्रोबाचे देऊळ आहे. वाहनचालक तेथे नाणे वाहून पुढे जातात. इंग्रज अभियंत्यांना घाटातील वाट शिंग्रोबा धनगराने दाखविली, असे लोक सांगतात. १८६३ साली या घाटातून आगगाडी सुरू झाली. अधिकाऱ्यांची नावे कागदोपत्री राहिली. वाटाड्याचे नाव मात्र या लहानशा देवळाने जपले. नवा द्रुतगती मार्ग वेळ वाचवितो खरा. पण भरधाव जाणाऱ्याला ही कथा कोण सांगणार? म्हणून मुलांनो, वाटेत असे काही दिसले, तर वडीलधाऱ्यांना गाडी थांबवावयास सांगा आणि ‘हे येथे का?’ असे अवश्य विचारा.