आमचा उतारा, आमची नावे आणि आयत्या बिळावरचे नागोबा

पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील आपल्या जुन्या घराण्यांनी पोर्तुगिजांच्या अमदानीत घर राखले, देव राखला, भाषा राखली. मुक्तीनंतर कूळ-मुंडकारांचे कायदे आले, जमिनींचा सर्वे झाला, एक-चौदाच्या उताऱ्यावर नावे चढली. या एका कागदासाठी अनेक घरांनी मामलेदार कचेरीच्या पायऱ्या वर्षानुवर्षे झिजवल्या. आज तोच कागद जगाच्या कोणत्याही टोकाला बसलेल्या माणसाला दिसतो. तालुका, गाव, सर्वे नंबर आणि पोटविभाग एवढे घातले की कब्जेदार कोण, कूळ कोण, क्षेत्र किती, सगळे पडद्यावर हजर! याला आपण सोय म्हणतो. सोय आहेच. पण ती कोणाकोणाची, हे विचारायची वेळ आता आली आहे.

जानेवारी २०२३ पासून मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि पेडण्याच्या जमिनीकडे बघणारे डोळे वाढले. त्याआधीच, जून २०२२ मध्ये, जमिनी हडप केल्याच्या तक्रारींसाठी गोवा सरकारला पोलिसांचे खास तपास पथक नेमावे लागले. मागोमाग निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोग आला. मेलेल्या माणसांच्या नावाने पोर्तुगीजकालीन वाटावेत असे खोटे दस्तऐवज करायचे, ते सरकारी दप्तरात घुसडायचे आणि जमीन विकून मोकळे व्हायचे, असा हा धंदा. गिऱ्हाईक कोण? ज्यांचे वारस मुंबईला, पोर्तुगालला किंवा आखातात आहेत अशी जुनी घराणी. म्हणजे आपणच!

अशा भामट्याला तीन गोष्टी कळाव्या लागतात. जमीन कोणाच्या नावावर आहे, त्याचे वारस कोण, आणि ते सध्या कुठे आहेत. पहिली गोष्ट उतारा सांगतो; तिथे आजही कित्येक घरांत पणजोबांचेच नाव आहे. दुसरी आपण स्वतः सांगतो. निधनवार्तेत मुलगे, सुना, लेकी, जावई, नातवंडे गावांच्या नावांसह छापतो आणि तीच बातमी नंतर इंटरनेटवर कायमची राहते. तिसरी गोष्ट पोराबाळांच्या फेसबुकवर फोटोसह मिळते. उरलेसुरले, म्हणजे घर क्रमांक, वय, बापाचे वा नवऱ्याचे नाव, मतदार यादीत आहेच. एकेक चिठ्ठी निरुपद्रवी. चारही एकत्र ठेवल्या की तिऱ्हाइताच्या हाती आपल्या घराची किल्ली.

मतदार यादीचा धोका खुद्द निवडणूक आयोगाने ओळखला. २०१८ पासून यादी शोधता न येणाऱ्या चित्राच्या स्वरूपात ठेवली जाते. एका राजकीय नेत्याने ती शोधता येईल अशा रूपात मागितली, तेव्हा त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी फेटाळली. मतदाराच्या नावासाठी जी काळजी घेता येते, ती जमीनमालकाच्या नावासाठी का नाही?

आपल्यातले काही म्हणतील, आम्हाला लपवायचे काय आहे? चोराकडे लपवण्यासारखे असते हे खरे, पण दाराला कडी सज्जनच लावतो. २०१८ साली तेलंगणात एकाने नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरील खतांवरून लोकांच्या अंगठ्यांचे ठसे उतरवले, त्यांचे रबरी ठसे केले आणि परस्पर सिमकार्डे चालू केली. २०२३ मध्ये बंगळूरला तसल्याच ठशांनी आधारवर चालणाऱ्या व्यवहारातून लोकांच्या खात्यांतले पैसे काढले गेले. त्या खातेदारांनी ना ओटीपी दिला, ना कार्ड हरवले. त्यांचा गुन्हा एकच, त्यांनी जमिनीचे खत सरकारदरबारी रीतसर नोंदवले! कुंपणच शेत खाऊ लागले तर राखण कोणी करायची?

दिल्लीचा कायदा आहे ना, असे कोणी म्हणेल. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य कलमे लागू व्हायला तिथून अठरा महिन्यांची मुदत ठेवली गेली. माहिती पुसून घेण्याचा हक्क त्यात आहे. पण तिसरे कलम वाचा. कायद्यानुसार जी माहिती जाहीर करणे बंधनकारक आहे, तिला हा कायदा लागूच नाही. दुकानदाराकडचा आपला फोन नंबर पुसता येईल. सरकारने मांडलेल्या नावाबद्दल मात्र उद्या हेच कलम पुढे केले जाईल. युरोपात २०१४ साली न्यायालयाने एका स्पॅनिश गृहस्थाची जुनी जप्तीची नोंद त्याच्या नावाच्या शोधातून काढायला गूगलला लावले. आपल्याकडे एवढेही अजून धड ठरलेले नाही.

तेव्हा उतारे कुलुपात घाला, असे आमचे म्हणणे आहे काय? मुळीच नाही. खोटे दस्तऐवज इंटरनेटने केले नाहीत, ते माणसांनी दप्तरात घातले. उतारा उघडा असल्यामुळेच मुंबईच्या वारसाला आपली जमीन जागेवर आहे की नाही हे बघता येते. सगळे बंद केले तर अंधारात कारभार करणाऱ्यांचेच फावेल. आमची मागणी साधी आहे. उतारा बघणाऱ्याची नोंद राहिली पाहिजे आणि ती मालकाला मिळाली पाहिजे. फेरफाराचा अर्ज पडताच कब्जेदाराच्या फोनवर निरोप गेला पाहिजे. खताच्या कोणत्याही जाहीर प्रतीवर अंगठा, सही, आधार वा पॅन क्रमांक दिसता कामा नये. मत मागायला दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला हे तीन प्रश्न विचारा. तुमचा फोन नंबर त्याला कुठून मिळाला, हा चौथा!

आणि घरातली कामे सरकारवर ढकलू नयेत. आधारची झेरॉक्स मागेल त्याला देण्याची सवय मोडा. शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत आधारच्या संकेतस्थळावर मिळते आणि बोटांच्या ठशांना कुलूपही तिथेच लावता येते. फोन नंबर, पत्ता शोधात दिसत असेल तर तो काढण्याचा अर्ज गूगलकडे करता येतो. नंबर ओळखणाऱ्या ट्रूकॉलरवरूनही नाव हटवण्याची सोय आहे. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा. मयत आजोबांचे नाव उताऱ्यावर तसेच असेल तर वारसनोंद करून घ्या. भाऊबंदकीत ती अडकवून ठेवणे म्हणजे नागोबाला बीळ तयार करून देणे.

शेवटी आपल्या संस्थांविषयी. सभासद सूची, वधूवर सूची, कुलवृत्तांत हे समाजाचे वैभव आहे. पण फोन नंबर, जन्मतारीख आणि पत्त्यासकट ते संकेतस्थळावर टाकणे थांबले पाहिजे. जे टाकले असेल ते उतरवा. येत्या सर्वसाधारण सभेत तसा ठराव यावा आणि तो एकमताने व्हावा. सरकारकडे बोट दाखवण्याचा अधिकार आपल्याला त्यानंतरच उरेल.