पाणउतारा

‘चारचौघांत पाणउतारा झाल्यावांचून माणूस ताळ्यावर येत नाहीं,’ असें सुशिक्षित घरांतूनहि हल्लीं मोठ्या खात्रीनें बोललें जातें. पाणउताऱ्याची परमावधि म्हणजे धिंड. पोलिसांनीं एखाद्या आरोपीची भर बाजारांतून धिंड काढली कीं तिचीं चित्रें घरोघर कौतुकानें पाहिलीं जातात आणि ‘बरी अद्दल घडली’ असे उद्गार निघतात. या मंडळींनीं आपण उच्चारतों त्या शब्दाचा अर्थ तरी एकदां पाहावा, अशी आमची विनंती आहे.

पाणउतारा म्हणजे पाणी उतरविणें. हें पाणी विहिरीचें नव्हे. मोत्याचें पाणी, तलवारीचें पाणी असें आपण म्हणतों, तें. मोत्यांत तें तेज असतें, पात्यांत धार धरणारा कस असतो, आणि माणसांत त्यालाच स्वाभिमान म्हणतात. फारसींतून आलेला ‘अब्रू’ हा शब्दहि याच कल्पनेवर उभा आहे. ‘आब’ म्हणजे पाणी किंवा तेज, आणि ‘रू’ म्हणजे चेहरा.

वरील मताचें खंडन या शब्दांतच आहे. पाणी उतरलेल्या तलवारीस सुधारलेली तलवार कोणी म्हणत नाहीं. ती बोथट झाली असेंच म्हणतात. जो मुळांतच निर्लज्ज आहे, त्याला धिंडीची क्षिति नसते. ज्याला लाज आहे, त्याची लाज हेंच त्याच्या सुधारण्याचें साधन. तें आपण भररस्त्यांत हिरावून घेतों आणि वर सुधारणेची अपेक्षा करतों!

‘गुन्हेगाराला कसली अब्रू?’ असा आक्षेप येईल. परंतु तो गुन्हेगार कीं केवळ आरोपी, हें न्यायालयानें ठरवावयाचें असतें. शिवाय गुन्हा शाबीत झाला तरी धिंड ही शिक्षा आमच्या दंडविधानांत कोठेंच नाहीं. सरसकट बेड्या घालणेंहि घटनेस संमत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें प्रेमशंकर शुक्ल खटल्यांत १९८० सालींच सांगितलें. मग धिंडीची कथा काय? उलट १९८९ च्या अत्याचार-प्रतिबंधक कायद्यानें अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला विवस्त्र करून किंवा तोंड रंगवून मिरविणें हा गुन्हा ठरविला. असा कायदा करावा लागला, यावरूनच या देशांत पाणउतारा कोणाच्या वांट्यास येत आला, हें उघड होतें.

उद्यां न्यायालयानें त्या आरोपीस निर्दोष म्हणून सोडलें, तर न्यायाधीश त्याला घरीं पाठवूं शकतील. उतरविलेलें पाणी परत चढविण्याचा अधिकार मात्र कोणत्याहि न्यायासनास नाहीं. ज्यांना हें ठाऊक आहे, त्यांनीं निदान बघ्यांच्या रांगेंत उभें राहूं नये.