किल्ली आणि पोथी



ज्येष्ठ शुद्ध पंचमी, म्हणजेच श्रुतपंचमी, आली की आमच्या परभणी जिल्ह्यातील गावच्या मंदिरात शास्त्रभांडाराचे कपाट वर्षातून एकदा उघडते. पोथ्या बाहेर काढाव्यात, धूळ झटकावी, वरचे जुने वेष्टन सोडून नवे बांधावे, श्रुतपूजा करावी आणि पोथ्या पुन्हा जागेवर ठेवाव्यात, असा वर्षानुवर्षांचा परिपाठ आहे. वेष्टन दर वर्षी नवे होते. आतली गाठ मात्र सहसा कोणी सोडत नाही.

गतवर्षी अक्षयतृतीयेला मंदिरात समाजाची सभा भरली होती. पुण्यास नोकरी करणारा एक तरुण सुटीत आला होता. त्याने विनयपूर्वक सूचना मांडली की, कपाटातील सर्व हस्तलिखितांच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र घेऊन ठेवावे. खर्च तरुण मंडळी करतील, श्रमही तेच करतील. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे चाळीस वर्षे आहे, ते आप्पा तत्काळ म्हणाले, “पोथी म्हणजे काय लग्नाची पत्रिका आहे, सगळ्यांना मोबाइलवर पाठवायला?” तरुणाचाही तोल सुटला. “आप्पा, पोथी वाचणारेच उरले नाहीत, तर किल्ली कोणासाठी सांभाळायची?”

सभा तिथेच संपली. दुसऱ्या दिवशी आप्पांनी नोकराच्या हाती किल्ली माझ्याकडे पाठवून दिली आणि मंदिरात येण्याची वेळ बदलली, म्हणजे कोणाची गाठ पडू नये. तरुणांनी गावच्या समाजाच्या व्हॉट्सॲप गटातून नावे काढून घेतली. शंभर उंबऱ्यांच्या समाजात असे दोन तट पडले की मंदिराचे दार उघडे असूनही मंदिर बंद पडते. मी विश्वस्त, वयाने पन्नाशीतला. आप्पांना मी लहान आणि मुलांना मी म्हातारा. ती किल्ली महिनाभर माझ्या गल्ल्यात पडून होती. त्या महिन्यात मी ज्या दिवसाच्या निमित्ताने हे सारे घडले, त्या श्रुतपंचमीचीच कथा पुन्हा वाचली.

परंपरा सांगते की, भगवान महावीरांची वाणी अनेक शतके मुखोद्गत चालत आली. लिहून ठेवण्याची रीत नव्हती. गिरनारच्या चंद्रगुंफेत राहणाऱ्या वृद्ध धरसेनाचार्यांना जाणवले की, आपल्यामागे हे ज्ञान लोपेल. त्यांनी दक्षिणापथातील मुनिसंघाकडे पत्र धाडले आणि संघाने दोन तरुण मुनी पाठविले. तेच पुढे पुष्पदंत आणि भूतबली म्हणून प्रसिद्ध झाले. आचार्यांनी त्यांची परीक्षा घेतली. दोघांना एकेक मंत्र साधण्यास दिला. एकात एक अक्षर अधिक होते, दुसऱ्यात एक उणे. साधना झाली तेव्हा एका मुनीसमोर दात पुढे आलेली देवता प्रकटली, दुसऱ्यासमोर एका डोळ्याची. देवता विकृत नसतात, तेव्हा मंत्रातच काही उणेअधिक असावे, असा विचार करून दोघांनी आपापला मंत्र शुद्ध केला, पुन्हा साधना केली आणि गुरूंना सर्व निवेदन केले. आचार्य संतुष्ट झाले आणि अध्यापन सुरू झाले. पुढे पुष्पदंतांनी आरंभीची सूत्रे रचून जिनपालितांकरवी भूतबलींकडे पाठविली आणि भूतबलींनी ग्रंथ पूर्णत्वास नेला. तोच षट्खंडागम. तो पूर्ण झाला त्या तिथीला आपण श्रुतपंचमी म्हणतो.

ही कथा लहानपणापासून ऐकलेली. पण तिच्यातील दोन गोष्टी माझ्या ध्यानी आल्या नव्हत्या. पहिली ही की, मुखपाठाकडून लेखनाकडे जाणारा हा बदल तरुणांनी मागितलेला नव्हता. त्या काळातील सर्वांत वृद्ध माणसाने तो सुरू केला होता. दुसरी ही की, गुरूने दिलेला मंत्र शिष्यांनी सदोष म्हणून टाकून दिला नाही, आणि गुरूने दिला म्हणून सदोषच जपत बसले नाहीत. त्यांनी तो दुरुस्त केला आणि दुरुस्ती गुरूंना दाखविली. आपल्या श्वेतांबर बांधवांच्या परंपरेतही वलभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली आगम लेखनबद्ध झाले, ते विस्मरणाच्या भयानेच. त्यांची ज्ञानपंचमी कार्तिकात येते, एवढाच तिथीचा फरक.

पुढील पिढ्यांचाही क्रम पाहण्यासारखा आहे. षट्खंडागमावरील विशाल धवला टीका वीरसेनाचार्यांनी पूर्ण केली, ती इ. स. ८१६ च्या सुमारास. नंतर त्यांनी जयधवला हाती घेतली. सुमारे वीस हजार श्लोकप्रमाण लेखन झाले आणि त्यांचा देह पडला. उरलेले चाळीस हजार श्लोकप्रमाण लेखन शिष्य जिनसेनांनी इ. स. ८३७ मध्ये पूर्ण केले.

यानंतर आली ती कुलपाची शतके. या सिद्धांतग्रंथांच्या प्राचीन ताडपत्रीय प्रती कर्नाटकातील मूडबिद्रीच्या बसदीत जपून ठेवलेल्या होत्या. लिपी जुनी कानडी, वाचणारे विरळ. यात्रेकरूंना त्यांचे दर्शन घडे, वाचन नव्हे. १८८३ च्या सुमारास मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यात्रेस गेले. ताडपत्रांची जीर्णावस्था पाहून ते अस्वस्थ झाले आणि त्यांनी ही गोष्ट सोलापूरच्या शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांना सांगितली. दोघेही आपल्यासारखेच व्यापारी. मूडबिद्रीच्या मंडळींचे मन वळविण्यातच बारा-तेरा वर्षे गेली. मग निधी उभा राहिला आणि ब्रह्मसूरी शास्त्री व गजपती शास्त्री प्रती उतरविण्यास बसले. ते काम पाव शतक चालले. अट एकच होती : प्रत मूडबिद्रीतच राहील.

गजपती शास्त्रींनी मात्र गुप्तपणे आणखी एक प्रत उतरविली. ती सहारनपूरला पोहोचली आणि तेथून उतरलेल्या प्रती अमरावती, कारंजा, आरा अशा ठिकाणी गेल्या. विदिशेच्या शेठ लक्ष्मीचंद यांनी दान दिले. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील संस्कृतचे प्राध्यापक डॉ. हीरालाल जैन यांनी संपादन आरंभिले आणि १९३९ मध्ये धवलेचा पहिला भाग अमरावतीहून छापून निघाला. सिद्धांतग्रंथ छापू नयेत, गृहस्थांनी ते वाचू नयेत, असे म्हणणारे पंडित तेव्हाही होते. विरोध झाला, वाद झाले, तरी १९५८ पर्यंत सोळा भाग पूर्ण झाले.

येथवर वाचून कोणी म्हणेल, तरुणांचेच खरे ठरले. कुलूप तोडले नसते तर ग्रंथ मिळाला नसता. मलाही तसेच वाटले होते. पण पुढे एक घटना आहे. पहिल्याच भागातील ९३ व्या सूत्रात संपादकांना अर्थाच्या दृष्टीने ‘संजद’ हा शब्द गळला असावा असे वाटले. हाताशी असलेल्या प्रतींत तो नव्हता. त्यांनी मूळ पाठात ढवळाढवळ केली नाही, केवळ तळटीप दिली. त्या एका शब्दावर समाजात मोठे वादळ उठले. पुढे मूडबिद्रीकरांनी सहकार्याचा हात दिला, मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहिला गेला, तेव्हा तो शब्द ताडपत्रावर होता. प्रतीवरून प्रत उतरविताना तो मधेच गळला होता.

म्हणजे ग्रंथ छापलाच नसता तर चूक कोणाच्या लक्षात आली नसती; आणि शेकडो वर्षे कोणी कुलपात राखले नसते तर चूक सुधारण्यास मूळ उरले नसते. कुलूप लावणारे आणि कुलूप उघडा म्हणणारे, दोघेही एकाच जिनवाणीचे सेवक होते. फक्त दोघांचे भय निराळे होते. एकाला भ्रष्ट होण्याचे भय, दुसऱ्याला नष्ट होण्याचे. पुढे महाबंधाच्या ताडपत्रांचा काही भाग किडीने नष्ट झाल्याचे कळले, तेव्हा चारित्रचक्रवर्ती आचार्य श्री शांतिसागर महाराजांनी हे ग्रंथ ताम्रपत्रांवर कोरवून घेण्याची प्रेरणा दिली. १९५५ मध्ये ज्यांनी आपल्या मराठवाड्यातील कुंथलगिरीवर सल्लेखना साधली, त्या आचारनिष्ठ महाराजांना जुने टिकविण्यासाठी नवा उपाय योजण्यात काही गैर वाटले नाही.

हा प्रश्न केवळ आपल्याच धर्मसंघापुढे आहे असेही नाही. १९६२ ते १९६५ या काळात रोम येथे भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक चर्चने लॅटिनऐवजी लोकभाषेत उपासना करण्याची वाट मोकळी केली. आपल्या वसईच्या ख्रिस्ती समाजातही मिस्सा मराठीतून होऊ लागली. तरुणांना प्रार्थना समजू लागली, हा लाभ मोठाच. परंतु जन्मभर ज्या शब्दांत देव आळविला ते शब्द उतारवयात हातचे गेले, याचे दुःख जगभरच्या असंख्य वृद्धांना झाले आणि लॅटिन उपासनेचा आग्रह धरणारे गट आजही आहेत. बदल योग्य असूनही ज्याचे काही हरवते त्याला आधी कोणी विचारले नाही, तर जखम दोन पिढ्या भरत नाही.

आपण व्यापारी माणसे. हे शहाणपण आपल्या दुकानांत आपण कधीच आचरले आहे. मोंढ्यातील आडतीवर संगणक आला तेव्हा मुलाने पहिल्याच दिवशी वडिलांची वही बंद केली नाही. वर्षभर रोजमेळ वहीतही लिहिला गेला आणि संगणकातही. रात्री दोन्ही बाकी जुळवून पाहिल्या. कधी मशीनची नोंद चुकली होती, कधी वडिलांची बेरीज. दिवाळीला वडील स्वतःच म्हणाले, “आता तुझेच राहू दे, वही मी पूजेपुरती ठेवतो.” दुकानात जे इतक्या सहज जमते, ते मंदिरात का जमू नये? कारण दुकानात आपण मुलाला आधी काम देतो आणि मग अधिकार. मंदिरात काम न देताच त्याने मत देऊ नये म्हणतो. आणि तोही काम न करताच मत देतो.

श्रुतपंचमीस आठ दिवस उरले तेव्हा किल्ली घेऊन मी आप्पांच्या घरी गेलो. सभेचा विषय काढला नाही. धरसेनाचार्यांची गोष्ट निघाली. बराच वेळ ते ऐकत राहिले. मग हलक्या आवाजात म्हणाले, “बारा वर्षे झाली, आतली गाठ मी सोडलेली नाही. डोळ्यांना अक्षर दिसत नाही. आणि सोडली, अन् आत भुगाच निघाला तर? चाळीस वर्षे किल्ली माझ्याकडे होती. लोक काय म्हणतील?”

महिनाभर ज्याला आम्ही हट्ट समजत होतो, ते भय होते. सभेत हे कळणे शक्यच नव्हते. चारचौघांत कोणता वृद्ध असे बोलेल?

त्या तरुणाला मी फोनवर एवढेच सांगितले की, आप्पांची क्षमा माग आणि त्यांना आपल्याला पाने उलटून देण्याची विनंती कर. तो पुण्याहून आला. पाया पडून म्हणाला, “आप्पा, माझे चुकले. पोथी कशी हाताळायची ते आम्हाला येत नाही. तुम्ही बसाल का?” पंचमीच्या पहाटे आप्पा स्नान करून धोती-दुपट्ट्यात येऊन चौरंगासमोर बसले. पान त्यांनी उलटावे, मुलाने छायाचित्र घ्यावे आणि शेजारी बसलेल्या एका सुनेने वहीत क्रमांक लिहावा, अशी रीत ठरली.

तिसऱ्या गठ्ठ्याची गाठ सुटली तेव्हा आप्पांचे भय खरे ठरले. कसर लागलेली होती. अर्धी पाने चाळणीसारखी झाली होती आणि कडा हात लावताच गळत होत्या. कोणी काही बोलले नाही. आप्पांचे हात थांबले. तेव्हा तो मुलगाच म्हणाला, “आप्पा, अर्धी तर राहिली ना. तुम्ही राखली म्हणून राहिली.” वृद्धाने डोळे पुसले आणि पुढचे पान उलटले.

काम अजून चालू आहे. छायाचित्रे मंदिराच्या संग्रहात राहतील, मागेल त्या अभ्यासकास विश्वस्तांच्या संमतीने मिळतील, असे ठरले. सगळ्यांना मोबाइलवर पाठवायची नाहीत, हा आप्पांचा शब्द मुलांनी मानला. किल्ल्या आता दोन आहेत. एक आप्पांकडे, दुसरी त्या सुनेकडे. मतभेद संपलेले नाहीत. पर्युषणातील प्रवचनाच्या वेळेवरून यंदा पुन्हा खडाजंगी होईल, असे दिसते. पण या वेळी सभेच्या आधी कोणी तरी कोणाच्या तरी घरी जाईल, एवढी आशा आहे.

परभणीपासून जिंतूरपर्यंत गावोगावच्या जुन्या मंदिरांत अशी कपाटे आहेत. मुले शहरांत गेली आहेत आणि किल्ल्या थकलेल्या हातांत आहेत. येत्या श्रुतपंचमीस केवळ वरचे वेष्टन बदलून थांबू नये, ही वाचकांना नम्र विनंती. आतली गाठ सोडावी. ती सोडताना घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीस चौरंगाशी बसवावे आणि सर्वांत लहान मुलाच्या हाती दिवा द्यावा.