दयेचा जमाखर्च

विठ्ठलवाडी स्थानकाकडे जाणाऱ्या आमच्या गल्लीत पहाटे पाचच्या सुमारास दोन माणसे नित्य दृष्टीस पडतात. एक वयस्कर बाई कापडी पिशवीतून ग्लुकोजची बिस्किटे काढतात आणि सात-आठ कुत्रे शेपट्या हलवीत त्यांच्याभोवती गोळा होतात. त्याच वळणाच्या दहा पावले अलीकडे पहिल्या पाळीला निघालेला एक कामगार हातात दगड घेऊन उभा असतो. तो दगड मारीत नाही, पण टाकूनही देत नाही. बाईंना तो निर्दय वाटतो, त्याला बाई बेजबाबदार वाटतात. वास्तविक दोघेही सज्जन आहेत. भटक्या कुत्र्यांचा प्रश्न म्हणून आपण ज्याची चर्चा करतो, तो बव्हंशी या दोन माणसांमधील वाद असतो. कुत्रा त्यात निमित्तमात्र.

प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे, प्राणिशास्त्राचा नव्हे. तरीही या विषयावर लिहिण्याचे धाडस तो करीत आहे, याचे कारण या प्रकरणात त्याच्याही नावावर एक कर्ज आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली एक तांबडी कुत्री व्याली. सहा पिल्ले झाली. मुलांना आनंद झाला, वडीलधाऱ्यांना चिंता वाटली. एका मुलाच्या पोटरीला तिने दात लावले, तेव्हा तातडीची सभा भरली आणि कुत्रीला पिल्लांसह वालधुनीच्या पलीकडे नेऊन सोडावे असे ठरले. टेम्पोसाठी घरटी पन्नास रुपये वर्गणी निघाली. लेखकाने ती दिली आणि घरी येऊन परीक्षेचे पेपर तपासावयास बसला. नवव्या दिवशी कुत्री लंगडत परत आली. पिल्ले आली नाहीत. दरम्यान मोकळ्या झालेल्या जागेत पलीकडच्या गल्लीतील दोन अनोळखी कुत्रे ठाण मांडून बसले होते, आणि ते तिच्याहून कितीतरी तापट होते. पन्नास रुपयांत आम्ही काय विकत घेतले, याचा हिशोब त्या दिवसापासून मनात चालू आहे.

आमच्या सभेत जे घडले तेच देशाच्या सर्वोच्च व्यासपीठावरही वेगळ्या पातळीवर घडलेले दिसते. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली व परिसरातील सर्व भटके कुत्रे उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. अवघ्या अकरा दिवसांनी, २२ ऑगस्ट रोजी, मोठ्या पीठाने त्यात बदल केला: निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्रे मूळ जागी सोडावेत, पिसाळलेले व आक्रमक तेवढे वगळावेत, आणि खाऊ घालण्यासाठी जागा ठरवून द्याव्यात. पुढे ७ नोव्हेंबर रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा ठिकाणचे कुत्रे हलवावेत आणि पुन्हा तेथे सोडू नयेत, असा आदेश झाला. या आदेशांच्या गुणदोषांची चर्चा विधिज्ञांनी करावी. सामान्य नागरिकापुढील प्रश्न एवढाच की, उचललेला कुत्रा जाणार कोठे, तेथे त्याच्या अन्नपाण्याचा खर्च कोण करणार आणि त्याच्या रिकाम्या जागी कोण येणार?

हा प्रश्न नवा नाही. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईच्या कोट भागात याच कारणावरून दंगल उसळली होती. पोलिसांचे शिपाई बक्षिसाच्या आशेने कुत्रे मारीत फिरत होते. कुत्रा हा पारशी धर्मात पवित्र. अंत्यविधीतही त्याला स्थान. पारशी समाज संतापला, दुकाने बंद झाली आणि सरकारला नमते घ्यावे लागले. कुत्रे मारण्याऐवजी शहराबाहेर न्यावेत, अशी तडजोड निघाली; म्हणजे आमच्या सोसायटीचा ठराव सुमारे दोन शतके जुना आहे! याच शहरात १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी संस्था स्थापन झाली आणि पुढे पेटिट घराण्याच्या दानातून परळला जनावरांचे रुग्णालय उभे राहिले. त्याच शहराची महापालिका १९९४ पर्यंत वर्षानुवर्षे हजारो कुत्रे मारीत राहिली. एका हाताने औषध आणि दुसऱ्या हाताने विजेचा झटका, असा हा कारभार होता. एवढे कुत्रे मारूनही रस्ते रिकामे झाले नाहीत. उकिरड्यावर अन्न आहे तोवर मेलेल्या कुत्र्याची जागा दुसरा घेतो, आणि कुत्रीचा गर्भकाळ अवघा त्रेसष्ट दिवसांचा असतो. १९९८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मारण्याऐवजी निर्बीजीकरणाचा मार्ग घालून दिला आणि २००१ मध्ये देशासाठी तसे नियम झाले. मुंबईत २०१४ मध्ये सुमारे ९५ हजार भटके कुत्रे मोजले गेले होते. दहा वर्षांनंतरच्या पाहणीत ही संख्या सुमारे ९१ हजार आढळली. ही घट डोळे दिपविणारी नाही. परंतु कत्तलीच्या काळाला तेवढेही साधले नव्हते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

येथे दयेच्या पक्षालाही चार प्रश्न विचारले पाहिजेत. अर्थशास्त्रात 'बाह्य परिणाम' अशी एक संकल्पना आहे. एखाद्या व्यवहाराचा लाभ एकाला होतो, पण त्याच्या खर्चाचा काही भाग व्यवहारात नसलेल्या तिसऱ्याच माणसावर पडतो. कारखानदाराला नफा होतो आणि नदीकाठच्या माणसाला दुर्गंधी मिळते. वालधुनीच्या काठी राहणाऱ्यांना याचे उदाहरण देण्याची गरज नाही. बिस्किटाचेही असेच आहे. बिस्किट घालणाऱ्याला समाधान लाभते, पुण्यही लाभत असेल. परंतु त्या बिस्किटावर पोसलेल्या कळपाची भीती पहाटेचा कामगार, दूध टाकणारा मुलगा आणि शाळेला निघालेली मुलगी यांच्या वाट्याला येते. कुत्र्याला लस टोचलेली नसेल तर तो खर्च प्राणाचाही असू शकतो. देशात २०२४ मध्ये कुत्रे चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटनांची नोंद झाली. रेबीजने वर्षाला सुमारे ५,७०० माणसे दगावतात, असा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा अंदाज आहे. या रोगाची लक्षणे एकदा दिसली की उपाय जवळजवळ उरत नाही.

पण मग कुत्रे नदीपलीकडे सोडणारे आम्ही तरी कोण वेगळे? आमच्या निर्धास्तपणाचा खर्च आम्ही पलीकडच्या वस्तीवर टाकला. बिस्किटवाला आणि टेम्पोवाला हे एकमेकांचे शत्रू समजले जातात. हिशोबाच्या वहीत मात्र दोघांची नोंद एकाच पानावर होते. लाभ आपला, खर्च दुसऱ्याचा.

ही गोष्ट महात्मा गांधींनी फार पूर्वी ओळखली होती. १९२६ मध्ये अहमदाबादच्या एका गिरणीमालकाने आपल्या आवारातील साठ भटके कुत्रे मारविले आणि मोठे वादळ उठले. अहिंसेचा पुरस्कर्ता त्याचा निषेध करील अशी सर्वांची अपेक्षा. गांधीजींनी उलट समाजालाच जाब विचारला. रस्त्यावर बेवारशी कुत्रे हिंडतात हे समाजाच्या दयेचे नव्हे, तर त्याच्या अज्ञानाचे व आळसाचे लक्षण आहे. तुकडा टाकून मोकळे होणे हा धर्म नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. मारण्याचा त्यांनी केलेला निरुपाय म्हणून स्वीकार आज आवश्यक नाही, कारण लस आणि शस्त्रक्रिया ही साधने आता हाताशी आहेत. त्यांच्या निदानाची धार मात्र शतकभरानंतरही बोथट झालेली नाही.

ही साधने नेटाने वापरली तर काय होते, हे आपल्या शेजारच्या गोव्याने दाखविले आहे. तेथे २०१४ च्या सुमारास सरकार आणि एक सेवाभावी संस्था यांनी मिळून गावोगाव, गल्लोगल्ली कुत्र्यांच्या लसीकरणाची मोहीम हाती घेतली. शंभरातील सत्तर कुत्र्यांना दरवर्षी लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. गोव्याने हा आकडा डोळ्यांसमोर ठेवला, कुत्रे मोजले, नोंदी ठेवल्या आणि शाळाशाळांतून मुलांना माहिती दिली. काही वर्षांतच कुत्र्यांमधील रेबीज ९० टक्क्यांहून अधिक घटला, माणसांचे मृत्यू थांबले आणि २०२१ मध्ये गोवा 'रेबीज नियंत्रित' राज्य म्हणून जाहीर झाले. यात चमत्कार कोणताच नव्हता, दरवर्षी न चुकता केलेले तेच ते काम होते.

आपल्याकडे अडचण सातत्याची आहे. विठ्ठलवाडीचेच पाहा. येथे कल्याण-डोंबिवली आणि उल्हासनगर या दोन महापालिकांच्या हद्दी भिडतात. माणसांना ही सीमा घरपट्टीच्या पावतीवर दिसते. कुत्र्यांना ती मुळीच दिसत नाही. एका बाजूला शंभर कुत्र्यांचे निर्बीजीकरण झाले आणि दुसऱ्या बाजूला झाले नाही, तर केलेला खर्च वर्षभरात वाहून जातो. म्हणून अशा सीमेवरील वस्त्यांत मोहीम एकाच वेळी, एकत्रच झाली पाहिजे. तिच्यासाठी अंदाजपत्रकात कायमची तरतूद हवी. वर्तमानपत्रात बातमी आली की पंधरा दिवस गाडी फिरवावयाची आणि मग तिचे चाक रुतू द्यावयाचे, याला कारभार म्हणता येत नाही. खाटकांची व मासळीची दुकाने, खाद्यपदार्थांच्या गाड्या यांचा कचरा रात्रीच उचलला गेला, तर निम्मे काम तेथेच होईल.

नागरिकांकडेही काही येणे आहे. हौसेने घेतलेला उंची वाणाचा कुत्रा आजारी पडला, म्हातारा झाला किंवा घर बदलले की त्याला रस्त्यावर सोडणारी सुशिक्षित कुटुंबे आपल्या परिचयाची आहेत. टाळेबंदीत घरी आणलेली कित्येक पिल्ले टाळेबंदी उठल्यावर नकोशी झाली. बर्फाळ प्रदेशातील दाट केसांचा कुत्रा कल्याणच्या मे महिन्यात आणणे हेच मुळात क्रौर्य; त्याला वाऱ्यावर सोडणे हे दुसरे. १९६० च्या कायद्यानुसार असे सोडून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला त्यात दंड सांगितला आहे दहा ते पन्नास रुपये! दहा रुपयांत आज स्थानकाबाहेर जेमतेम एक कटिंग चहा मिळतो. ज्या अपराधाची किंमत चहाएवढी, तो अपराध कोण टाळील? हा दंड कालोचित वाढविणे हे संसदेचे काम आहे. पण कुत्रा घरी आणण्यापूर्वी त्याच्या बारा-चौदा वर्षांच्या आयुष्याचा खर्च कागदावर मांडणे हे आपले काम आहे.

शिक्षकांनी वर्गात एवढे जरी शिकविले की, कुत्रा चावल्यास हळद-मिरची न लावता जखम साबणाच्या वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठून लशीच्या सर्व मात्रा पूर्ण कराव्यात, तरी काही प्राण वाचतील. पूर्वीची पोटातील चौदा इंजेक्शने केव्हाच इतिहासजमा झाली आहेत, हेही सांगावे, कारण त्या भीतीने आजही माणसे घरी बसतात. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी राष्ट्रीय सेवा योजनेतून आपापल्या प्रभागातील कुत्रे मोजावेत. जे मोजलेले नाही त्यासाठी कोणतेही कार्यालय पैसा देत नाही.

संत नामदेवांची आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो. कुत्रा भाकरी घेऊन पळाला आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. कीर्तनात आपण माना डोलावतो त्या भाकरीवर. पण भाकरी तर कुत्र्याने स्वतःच नेली होती! नामदेवांचे मोठेपण त्यानंतरच्या धावण्यात आहे. विठ्ठलाचे नाव लावणाऱ्या वाडीत तरी हे विसरले जाऊ नये.

आमची तांबडी कुत्री अजून जिन्याखालीच असते. सोसायटीतील दोन शिक्षिकांनी खटपट करून तिची शस्त्रक्रिया करविली. ओळखीसाठी तिच्या कानाला खाच आहे, आणि दरवर्षी तिला लस टोचली जाते. ते दोन उपरे कुत्रेही आता याच यादीत आहेत. यंदाच्या अंदाजपत्रकात पाण्याच्या टाकीची सफाई आणि रंगकाम यांच्या खाली 'श्वान लसीकरण' अशी एक ओळ प्रथमच आली. रक्कम लहान आहे. सभेत तिला विरोध झाला, चर्चा झाली आणि अखेर ती मंजूर झाली. पहाटेच्या त्या बाईंनी आपल्या बिस्किटांच्या खर्चातून तीत भर घातली. हातात दगड धरणारा कामगारही आमच्याच इमारतीत राहतो. त्याने वर्गणी दिली. दगड अद्याप टाकलेला नाही, आणि त्यासाठी त्याला दोष देण्याचा अधिकार निदान या लेखकाला तरी नाही.