इन्स्पेक्शन समोरून, पावसाळा कडेने

तेजपूरला पोस्टिंग असताना युनिटच्या वाचनालयासाठी मी एक कपाट केलं होतं. 19 मिलिमीटरचं प्लाय, वर सागाचं व्हेनियर, झकास पॉलिश. इन्स्पेक्शन दोन दिवसांवर आलं म्हणून फळ्यांच्या कडांवरच्या व्हेनियरच्या पट्ट्या घाईघाईत चिकटवल्या. साहेबांनी समोरून पाहिलं, शाबासकी दिली. आसामचा पावसाळा मात्र कडेने आत शिरला. ऑगस्टपर्यंत पट्ट्या सुटल्या, प्लायचे थर फुगले, खालच्या फळीवर बुरशी धरली. एका जवानाने वाचनालयाला दिलेली, त्याच्या वडिलांची ज्ञानेश्वरी त्याच फळीवर होती. तो काही बोलला नाही. त्याचंच जास्त लागलं.

प्लायची कड म्हणजे लाकडाच्या उघड्या नळ्या. ओल तिथूनच पितात. त्यामुळे कडेची पट्टी हा दागिना नाही, ते चिलखत आहे.

कपाटाच्या कडा मी पुन्हा केल्या, या वेळी खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये सुतारकाम शिकलेल्या एका हवालदारांच्या हाताखाली. आधी कड घासून सपाट करायची, धूळ पुसायची. पट्टी 22 मिलिमीटर रुंद घ्यायची, म्हणजे दोन्ही बाजूंना थोडी बाहेर राहते. आधी आजूबाजूच्या कडा, दर्शनी कड शेवटी, म्हणजे सांधे समोरून दिसत नाहीत. मागे गोंद असलेली पट्टी असेल तर कोरडी इस्त्री हळूहळू सरकवायची. एका जागी थांबलात तर व्हेनियर करपतं. लगेच लाकडी ठोकळ्याने दाबत जायचं, गार होईपर्यंत. खरी परीक्षा पुढेच. बाहेर राहिलेला भाग कानशीने काढताना कानस फक्त फळीच्या दिशेने ढकलायची. उलटी ओढलीत की चिरफळी उडालीच. शेवटी 180 आणि 220 नंबरचा पॉलिश पेपर, रेषांच्या दिशेने. आणि पॉलिशचा हात कडांवरही, मागच्या कडांसकट.

एका फळीला अर्धा तास जास्त लागतो. तेवढाच.

माझं स्पष्ट मत आहे, आपल्याकडे बरंच काम इन्स्पेक्शनसाठी होतं आणि दोन-तीन वर्षांच्या पोस्टिंगपुरतं होतं. मूव्ह ऑर्डर आली की मागचं मागे. पण ते कपाट, तो दरवाजा, ते टेबल पुढच्या माणसाला वापरायचं असतं. तारखेच्या धाकाने काम उरकणाऱ्यांत मीही होतो, म्हणून हे बोलायचा अधिकार घेतो. काम दाखवायला वेळ कमी असेल तर साहेबांना सरळ सांगा, कडा बाकी आहेत. अर्धवट कपाट दाखवण्यात कमीपणा नाही.

ज्ञानेश्वरी उन्हात वाळवून, पुसून परत दिली. डाग मात्र राहिले. निवृत्तीनंतर आता घरी फळी करतो तेव्हा आधी कड बघतो, मग तोंड.

जय हिंद.