रामलिंगचं रान रानच राहू द्या

आश्विन वद्य द्वादशीला आपल्याकडे वसुबारस असते. गाय-वासराला ओवाळून दिवाळी सुरू होते. त्याच दिवशी अकोले-इगतपुरीकडचे आदिवासी वाघबारस पाळतात. वाघोबाला शेंदूर लावून, नैवेद्य दाखवून गुरं सांभाळण्याचं साकडं घालतात. धाराशिव जिल्ह्याला वाघबारस पाळायचं कारणच नव्हतं. आपल्या पिढ्यांनी इथं वाघ पाहिला नव्हता.

डिसेंबर २०२४मध्ये येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात ट्रॅप कॅमेऱ्यानं पट्टेदार वाघ टिपला. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून, शेतं, नद्या, महामार्ग ओलांडत साडेचारशे-पाचशे किलोमीटर चालून आलेला हा तरुण नर. त्याला पकडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात सोडायचं ठरलं, पथकं आली, आठवडे गेले, तो काही हाती लागला नाही.

तो थांबला ते रान केवढं? १९९७ साली घोषित झालेलं हे अभयारण्य जेमतेम बावीस चौरस किलोमीटरचं आहे. जवळून सोलापूर-धुळे महामार्ग, घाटातून रेल्वे, दरीत महादेवाचं देऊळ. ज्या जिल्ह्यात जंगल औषधालाही सापडत नाही, तिथं तरस, लांडगा, कोल्हा, चिंकारा आणि मोर यांना टेकायला बालाघाटाच्या डोंगरांतली एवढीच जागा उरली आहे. एकट्या नर वाघालाही ती अपुरी पडते. तरी इतक्या लांबून येणाऱ्या जनावराला मधला मुक्काम म्हणून ती कामी आली, आणि तीच या रानाची खरी कमाई आहे.

वाघाच्या बातमीमागून सफारीची मागणी यायला वेळ लागत नाही. मग तंबू, कमानी, सेल्फी पॉइंट, झिपलाइन. आमचा याला विरोध आहे आणि तो आम्ही उघडपणे नोंदवतो.

रामलिंगला श्रावणी सोमवारी जाऊन बघावं. भाविकाच्या हातातली पिशवी माकड हिसकावतं, नारळाचा तुकडा बाजूला टाकतं आणि कुरकुऱ्याचं पाकीट दातानं फाडतं. त्याला आता झाडावरचं फळ शोधावं लागत नाही. पाकीट पहिल्या सरीबरोबर ओढ्यात जातं. हा ताण वर्षातल्या मोजक्या दिवसांचा आहे. तो रोजचा झाला, दिवे लावून रात्रीचाही झाला, तर तरसानं बाहेर पडायचं केव्हा? या दरीत रावणाशी झुंजलेल्या जटायूची समाधी आहे, असं आपण मानतो. एका पक्ष्याला पुजणाऱ्या जागी रानातल्या जिवांना रात्र तरी मोकळी मिळावी.

सफारीचं काय होतं, ते याच राज्यात दिसलं. ३१ डिसेंबर २०२४ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या जिप्सींनी एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट अडवली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. राज्याबाहेरही तेच. उत्तराखंडच्या कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात पाखरोच्या सफारीसाठी हजारो झाडं बेकायदा तोडली गेली आणि मार्च २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर कठोर ताशेरे ओढले.

सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीनं परंडा-भूमकडची शेतं खरवडून नेली. अशा वर्षी वाघाचं काय घेऊन बसलात, असं कुणी म्हणेल. पण माती धरून ठेवायला आणि पाणी मुरवायला डोंगरउतारावर झाडझाडोराच लागतो. तिथं सिमेंटचे चौथरे घालणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं.

पर्यटनाला आमचा विरोध नाही. नळदुर्गचे नर-मादी धबधबे, परंड्याचा किल्ला, तेर, धाराशिवची लेणी, तुळजापूर: माणसांनी घडवलेल्या या जागा माणसांची वाट बघत आहेत. पैसा तिथं घाला. रामलिंगच्या भाविकांची वाहनं येडशीतच थांबवा. चहा, जेवण, मुक्काम गावात मिळाला तर चार पैसेही गावातच राहतील. देवदर्शन दिवसा व्हावं आणि सूर्यास्तानंतर दरी रिकामी व्हावी. ज्या गोठ्यातलं जनावर वाघानं नेलं, तिथली वसुबारस रितीच गेली. त्या शेतकऱ्याला महिन्याच्या आत भरपाई आणि सगळ्या परिसराला दिवसा लाईट मिळाली पाहिजे. रात्री मोटार चालू करायला अंधारात जाणाऱ्याला वन्यजीव सप्ताहाचं पोस्टर दाखवून भागत नाही.

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३३नुसार राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या मंजुरीशिवाय अभयारण्यात हॉटेल, व्यापारी निवास किंवा सफारी पार्क बांधता येत नाही. वनसंवर्धन कायद्याच्या २०२३च्या दुरुस्तीनं मात्र दुसरी वाट मोकळी केली. व्यवस्थापन आराखड्यात घातलेल्या निसर्ग पर्यटनाच्या सोयी आता वनेतर वापर ठरत नाहीत. म्हणजे सगळं येऊन ठेपलं ते आराखड्यावर, आणि तो कागद गावकऱ्यांच्या हाती क्वचितच पडतो. रामलिंग घाटाचा आराखडा भोवतालच्या प्रत्येक ग्रामसभेत मराठीतून वाचून दाखवावा आणि त्यात नवं बांधकाम घालण्याआधी हरकती मागवाव्यात, अशी लेखी मागणी आम्ही वनविभागाकडे करत आहोत. वाचकांनीही आपापल्या ग्रामसभेत तसा ठराव मांडावा.