बॅटरीचा घसारा

भाईंदर पश्चिमेच्या बाजारपेठेत आता विजेवर चालणारे तीनचाकी टेम्पोही माल पोहोचवतात. गाडी घेताना व्यापारी विचारतो, ‘एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर?’ बॅटरी किती वेळा चार्ज होईल, हा प्रश्न मागेच राहतो. कर्जाचे हप्ते फिटण्यापूर्वीच ती थकली, तर नफ्याचे गणित कोलमडते.

चार्जिंगच्या वेळी लिथियमचे आयन इलेक्ट्रोडमध्ये शिरतात आणि गाडी चालताना बाहेर पडतात. या येरझाऱ्यांनी इलेक्ट्रोडचा पदार्थ फुगतो, आकसतो आणि अखेर तडकतो. एक ग्रॅम ग्राफाइटमध्ये सुमारे ३७२ मिलिअँपिअर-तास वीज मावते. सिलिकॉनमध्ये, कागदोपत्री, ४,२००. परंतु सिलिकॉन फुगून जवळजवळ चौपट होते व त्याचा भुगा होतो. गोदाम दसपट मोठे, भिंती मात्र कच्च्या! २००८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या यी कुई व सहकाऱ्यांनी सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म तारा, म्हणजे नॅनोवायर, धातूच्या पत्र्यावर वाढवल्या. तारांमधील मोकळ्या जागेत फुगवटा सामावला.

अशा तारा मुळात नाजूक. काही हजार चक्रांतच त्या मोडतात. २०१६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील प्रयोगशाळेत, रेजिनाल्ड पेनर यांच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या म्या ले थाय हिने सोन्याच्या तारेवर मँगनीज डायऑक्साइडचा थर दिला आणि भोवती द्रवाऐवजी अ‍ॅक्रिलिकच्या जातीचे जेल वापरले. तीन महिन्यांत दोन लाख चक्रे झाली, तरी क्षमता फारशी घटली नाही. रोज एक चार्जिंग धरल्यास हा हिशेब साडेपाचशे वर्षांच्या जवळ जातो!

मात्र ती पूर्ण बॅटरी नव्हती, कपॅसिटर होता. आणि तार सोन्याची, हे ऐकून सराफही हसेल. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत व नंतर आयसरमध्ये सतीशचंद्र ओगले यांनी ऊर्जा साठवणाऱ्या नॅनोपदार्थांवर दीर्घकाळ काम केले आहे. प्रयोगशाळेतून दुकानापर्यंतचा रस्ता लांबचा असतो.

तोवर विक्रेत्याच्या ‘नॅनो’ शब्दावर भुलण्याऐवजी दोन आकडे लेखी मागावेत: हमीची चक्रे किती, आणि त्यानंतर क्षमता किती टक्के उरेल. समजा, बॅटरी १,२०,००० रुपयांची आहे. १,५०० चक्रे टिकली, तर प्रत्येक चार्जिंगमागे ८० रुपये घसारा. ३,००० टिकली, तर ४०. वीजबिल वेगळे.